पिशवीचं दूध, कपातलं दही

५ जानेवारी

वकीलबाई म्हणाल्या, रोजचं रोज तारखेनिशी लिहून ठेवा, कचेरीला तारखा आवडतात. त्यासाठी निळी वही आणली. तिच्यात दुकानांची नावं, परत आलेल्या पेट्या, भाव. ही दुसरी वही त्यांना दाखवणार नाही. निळ्या वहीत जे लिहिता येत नाही ते इथे.

आज बाजारातल्या चार दुकानांनी माझ्या डेअरीचं दही परत पाठवलं. तारीख उलटलेली नाही, नासलेलं नाही, नुसतं खपलं नाही. त्याच फळीवर गावातल्या दुसऱ्या डेअरीच्या मालकाचं, हाज बूजमआचं दही असतं आणि त्याच्या कपाचा भाव माझ्या कपातल्या नुसत्या दुधापेक्षा कमी आहे. विरजण, साखर, कप, वीज, माणसं, सगळं मला फुकट मिळालं तरी त्या भावात मला विकता यायचं नाही. मी जीवरसायन शिकले आहे. अशी कुठलीही प्रक्रिया मला माहीत नाही.

प्रक्रिया सोपी आहे आणि अख्ख्या ऐन झर्दा गावाला ठाऊक आहे. सरकार हाजला दुधाची भुकटी बाजाराच्या चौथाई भावात देतं. अट एकच, तिचं पिशवीचं दूध करायचं आणि पंचवीस दिनारांना विकायचं, गरिबाच्या घरी दूध जावं म्हणून. हाज काही पोती पिशवीत घालतो, उरलेली दह्यात. पिशव्या सकाळी आठलाच संपतात त्या उगीच नाही.

सी तैयबला म्हटलं, तक्रार करायची आहे. तैयब अब्बांच्या वेळचा मुकादम, विरजण हाताच्या पाठीने ओळखणारा; मानाने मी त्याला सी म्हणते, तो मला लल्ला. त्याने मान वर केली नाही. "लल्ला झुलिखा, भुकटीचं नाव काढू नका. त्यात हात घातला की सगळ्यांचेच हात पांढरे होतात."

हाजला घाबरतो बिचारा.

अकरा माणसं कामाला आहेत, चौतीस गोठ्यांचं दूध येतं.

८ जानेवारी

हाजकडे जाऊन आले. तक्रारीआधी तोंडावर सांगावं असं वाटलं. अब्बांचे मित्र होते ते, माझ्या लग्नात मेंढा त्यांनी पाठवला होता.

मला खजूर आणि ताक दिलं, आपल्या शेजारी बसवलं. मी सगळं बोलले. शांतपणे ऐकून, लेकीला म्हणावं तसं म्हणाले, "झालं बोलून, बिंती?"

"झालं."

"मग माझं ऐक. पिशवीचा भाव वीस वर्षांत हलला नाही. डिझेल हललं, प्लॅस्टिक हललं, मजुरी हलली. पिशवी भरली की माझं नुकसान. ते दह्यातून भरून काढतो म्हणून पिशवी चालते. दही बंद कर म्हणतेस? करतो. उद्या पिशवीही बंद. मग या गावातल्या बायका तुझ्या दारात उभ्या राहतील, भांडी घेऊन. तू देशील पंचवीस दिनारांना?"

"ते माझं काम नाही."

"हं," म्हणाले. "ते माझं काम आहे."

काय तो मानभावीपणा! चोरी करायची आणि वर उपकार सांगायचे. परत येताना गाडी दोनदा बंद पडली. तक्रार करणारच.

१३ जानेवारी

पाठवली. राजधानीतल्या व्यापार-स्पर्धा कचेरीला, पोचपावतीसह. वकीलबाईंनी शेवटी छान लिहिलंय: अर्जदार कोणत्याही सरकारी मदतीविना स्वकष्टावर उद्योग चालवते. वाचून डोळे भरले.

हाशमी म्हणाला, "आता तरी जेवशील?" नवरा शाळेत भूमिती शिकवतो, त्याला सगळं कोनात बसवायचं असतं. जेवताना म्हणाला, "हाजचा पुतण्या माझ्या वर्गात आहे." मी म्हटलं, मग? तो म्हणाला, "मग काही नाही. सांगितलं."

वनीसा आली होती तासभर. माझी धाकटी बहीण, नवरा गेल्यापासून शिवणकामावर तीन पोरी वाढवतेय. तिला दोन लिटर गाईचं दूध बांधून दिलं, ते ओट्यावर तसंच विसरून गेली. हल्ली सारखी विसरते. पिशवीत तिच्या कसली तरी ओली पिशवी होती, लपवत होती. कमालीची मानी.

३० जानेवारी

उत्तर नाही. दोन दुकानं आणखी गेली. तीन माणसांना आठवड्यातून चारच दिवस या म्हटलं. त्यांनी हो म्हटलं तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

रोज पहाटे जाग येते आणि मी मनातल्या मनात त्या कचेरीतल्या अनोळखी माणसाशी वाद घालत बसते. तो कधीच हरत नाही.

९ फेब्रुवारी

तो माणूस बाई निघाला. मादाम खेरबाश, कचेरीची तपासनीस. पस्तिशीची, सपाट चपला, आवाज इतका बारीक की सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागतं. बिनसाखरेची कॉफी पिते. दोन दिवस हाजकडे, दोन दिवस माझ्याकडे, असं म्हणाली. माझ्याकडे कशाला? गुन्हा तिकडे घडतोय.

११ फेब्रुवारी

आज ती माझ्या शीतटाकीला टेकून उभी राहिली आणि विचारलं, "ही टाकी सरकारी योजनेतली ना? बिनव्याजी?"

"हो."

"आणि गोठ्यांकडून घेतलेल्या दुधावर लिटरमागे प्रोत्साहन रक्कम येते. शेतकऱ्याला थोडी, तुम्हाला थोडी."

"ती गाईंसाठी आहे."

"हाज बूजमआ म्हणतात, त्यांची भुकटी गरिबांसाठी आहे."

मला तिला बाहेर काढावंसं वाटलं. म्हटलं, "मादाम, एक चोर आहे आणि एक काम करणारी बाई आहे. तुम्हाला फरक कळत नाही का?"

ती रागावली नाही. "मदत देणं गुन्हा नाही," म्हणाली. "मदत नसती तर तुमच्याकडे इतक्या गाई नसत्या आणि त्यांच्याकडे इतक्या पिशव्या नसत्या. मी एवढंच बघते की ज्या कामासाठी दिली त्या कामाच्या कुंपणात ती राहिली का. आणि कुंपणाबाहेर जाऊन कुणाचं दार बंद करते का. तक्रारीत 'कोणत्याही सरकारी मदतीविना' लिहिलंय, ते वाक्य मला खोडावं लागेल."

जाताना गेल्या उन्हाळ्याची खरेदीची कागदपत्रं मागितली. ऑगस्टात गाई आटतात, माझं दूध निम्म्यावर येतं, तरी दही कमी झालेलं दिसत नाही, हे कसं? मी म्हटलं, सी तैयब सांभाळतो, त्याच्याकडे युक्त्या असतात. तिने ते लिहून घेतलं.

प्रोत्साहन आणि अनुदान या वेगळ्या गोष्टी आहेत. हे तिला उद्या नीट समजावून सांगेन.

१२ फेब्रुवारी

जुनी कागदपत्रं बॉयलरच्या खोलीत असतात. खिडकीची काच फुटली आहे, वारा येऊ नये म्हणून तिथे पोती ठोकली होती. कापून, उलटी करून. एकाचा खिळा निघाला होता आणि ते वाऱ्याने फडफडत होतं. मी ते दाबायला गेले तर आतली बाजू दिसली.

दुधाची भुकटी. पंचवीस किलो. सरकारी शिक्का. अनुदानित, फक्त पिशवीच्या दुधासाठी. क्रमांक.

पाच पोती मोजली. मग खोलीचं दार आतून लावून कागदांच्या पेटीवर बसून राहिले.

१३ फेब्रुवारी

तैयबला बोलावलं. पोतं टेबलावर ठेवलं. तो उभाच राहिला.

"कुठून?"

"अल-उल्माच्या बाजारातून. तिथे मिळतं."

"तिथे कुठून येतं?"

"लल्ला, तिथे कोणी विचारत नाही. हाजच्याच गोदामातून येत असेल, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या. ऑगस्टात तुम्ही म्हणालात, तैयब, काहीतरी कर, दुकानांना दही कमी पडता कामा नये. मी केलं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत." मग फार हळू म्हणाला, "तुम्ही ना, विचारायचं नाही असं ठरवल्यासारखं बघत होता. तुमचे अब्बाही तसंच बघायचे. मला वाटलं, ही रीत असेल."

त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मला तो ऑगस्टचा दिवस आठवला. कढई भरलेली. मी झाकण उचललं, वास घेतला. भुकटीच्या दुधाला शिजलेला वास असतो, तो मी झोपेतही ओळखेन. मी झाकण ठेवलं आणि फोन घ्यायला गेले.

१५ फेब्रुवारी

हाशमीला सांगितलं. तक्रार करू नको असं त्याने कधी म्हटलं नाही, तेव्हा आता 'सांगितलं होतं' म्हणण्याचीही सोय त्याला नाही. चहाचा पेला बाजूला सरकवला. "बॉयलर चालूच असतो," म्हणाला. "पोती जळायला पाच मिनिटं लागतात. जाळलीस तर मला सांगू नकोस. नाही जाळलीस तर मी बरोबर येतो."

बरोबर आला. मादाम खेरबाश पंचायतीच्या विश्रामगृहात उतरली आहे. पोती तिच्या टेबलावर ठेवली. ती आधी क्रमांक बघायला लागली, तिची बोटं भरभर चालत होती. "हे हाज बूजमआंना दिलेल्या खेपेतले आहेत. तुमच्या तक्रारीच्या आधीपासून, नोव्हेंबरपासून मी हेच शोधतेय. कुठे मिळाले?"

"माझ्याकडे."

तिची बोटं थांबली.

"तुम्हाला कळतंय ना, आता मला हे न पाहिल्यासारखं करता येणार नाही?"

"कळतंय."

प्रामाणिकपणा म्हणून दिली असं लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे ती उद्या बॉयलरची खोली बघणार होती, तैयबने सांगितलं होतं. तरी जाळायला एक दिवस होता आणि मी जाळली नाहीत. दोन्ही खरं आहे. कुठलं जास्त खरं ते मला ठरवता येत नाही.

२७ फेब्रुवारी

अंतरिम आदेश आला. चौकशी पूर्ण होईपर्यंत हाजचा भुकटीचा कोटा स्थगित. माझी प्रोत्साहन रक्कम वर्षभर बंद, वर दंड. तैयबचं नाव नाही, खरेदीची जबाबदारी मालकिणीची, असं मी लिहून दिलं होतं.

जिंकले असं वकीलबाई म्हणतात. रमझान परवापासून.

३ मार्च

पिशव्या दोन दिवसांत संपल्या. शेजारच्या तालुक्यातून एक गाडी येते ती पाच मिनिटांत रिकामी होते. रमझानात घरोघर दूध लागतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. पण आदेशाची तारीख वाचताना मी फक्त हाजचं नाव वाचलं होतं.

आज सकाळी दह्याची गाडी घेऊन जात होते. बेलकासमच्या दुकानापुढे रांग, कोपऱ्यापर्यंत. एक बाई ओरडली, "ती बघा, दूध बंद करणारी!" कुणीतरी गाडीच्या टपावर थाप मारली. आणि रांगेच्या मध्यावर, डोक्यावरून शाल ओढून, वनीसा.

गाडी थांबवून उतरले. "अगं, तू इथे कशाला? डेअरीत ये म्हणून किती वेळा सांगितलं! हवं तेवढं ने."

सगळी रांग ऐकत होती. वनीसाने मला बाजूला ओढलं.

"तुझं दूध घेतलं की तू घरी येतेस, झुलिखा. येतेस आणि स्वयंपाकघरात नजर फिरवतेस. तेल किती, पीठ किती. मग आईजवळ सांगतेस, वनीसाचं कसं होणार. पिशवी मी विकत घेते. पंचवीस दिनार टाकते, दुकानदार बघतही नाही माझ्याकडे. तेवढं एक दूध माझं होतं, ताई. ते गेलं."

"मला वाटलं तू विसरतेस. ओट्यावर..."

"मी काही विसरत नाही," म्हणाली आणि रांगेत परत गेली. तिची जागा मागच्या बाईने धरून ठेवली होती.

६ मार्च

वाणिज्य खात्याचा जिल्हा अधिकारी आला, बरोबर मादाम खेरबाश. गावात पाश्चरायझर असलेली दुसरी डेअरी माझीच. हाजचा कोटा निकाल लागेपर्यंत मी घ्यावा, पिशव्या भराव्या. एक निरीक्षक इथेच बसेल, पोती मोजून उघडेल. पॅकिंग मशीन हाजचं भाड्याने मिळेल.

मादाम खेरबाश म्हणाली, "माझ्या मते हे चुकीचं आहे. ज्याच्याकडे ती पोती सापडली त्यालाच कोटा. पण माझ्याकडे रांगेसाठी दुसरा उपाय नाही."

अधिकारी म्हणाला, "मादाम, उपाय आहे म्हणून तर आपण इथे आलोय."

मी हो म्हटलं. वनीसासाठी, असं हाशमीला सांगितलं. पण दुकानदारांचे चेहरेही डोळ्यापुढे होते, आणि टपावरची थाप.

९ मार्च

पिशव्या सुरू. पहाटे चारला पहिली गाडी निघते. रांग अर्धी झाली. बेलकासमने आज मला 'सबाह अल-खैर' म्हणून सकाळचा सलाम केला.

१४ मार्च

पिशव्या फुटतात. प्लॅस्टिक महाग आहे इतकंच ठाऊक होतं, किती ते आता कळलं. रोज संध्याकाळी इफ्तारआधी कागदावर आकडे मांडते आणि कागद फाडते. प्रत्येक पिशवीमागे माझं जातंय. कुठे चुकतंय? निरीक्षक भला माणूस आहे, कोपऱ्यात खुर्ची टाकून जपमाळ ओढत बसतो. त्याला विचारलं. म्हणाला, "मादाम, मला पोती मोजायला सांगितलंय, बाकीचं नाही."

माणसं उभ्या उभ्या झोपतात. उपास, आणि पहाटेची पाळी. तैयब घरी जातच नाही.

१७ मार्च

आजचं लिहिलंच पाहिजे.

पाश्चरायझर एकच. पहाटेपासून दुपारपर्यंत भुकटीचं दूध, मग धुणं, मग गाईचं. गेले आठ दिवस कसंबसं जमवत होतो. आज धुवायला वेळ झाला, टाकी भरलेली. फाटकावर अम्मी रबाह, म्हणजे रबाहकाका, आले, खेचरगाडीत कॅन. सत्तरीचे, आठ गाई, अब्बांच्या वेळेपासून एक दिवस चुकले नाहीत.

तैयब आत येऊन म्हणाला, जागा नाही. मी म्हटलं, संध्याकाळी या म्हणावं. तैयब म्हणाला, संध्याकाळपर्यंत फाटेल, तुम्हाला माहीत आहे. मी पिशव्यांची गाडी उशीर झाली म्हणून फोनवर होते. हात हलवला, नंतर, नंतर.

बाहेर आले तेव्हा ते अजून उभे होते. उन्हात. "झुलिखा," म्हणाले, "तुझ्याकडे दूध झालंय म्हणतात."

"अम्मी, आजच्या दिवस..."

"कुठलं दूध आहे ते?"

मी काय सांगणार? जहाजातून आलेलं. पोत्यातलं.

त्यांनी खेचर वळवलं. आत गेल्यावर मी खिडकीतून पाहिलं, पुढे ओहोळाजवळ थांबून ते कॅन ओतत होते. एक ओतला, दुसरा ओतला, मग तिसऱ्याचं झाकण लावून टाकलं, बहुतेक शेजाऱ्यांना वाटायला.

तक्रारीत मी लिहिलं होतं: स्वस्त भुकटीमुळे स्थानिक गाईच्या दुधाला बाजारातून हुसकावलं जात आहे. वाक्य माझंच आहे. वकीलबाईंनी त्यात शब्दही बदलला नव्हता.

१९ मार्च

सकाळी नऊला हाज बूजमआ आले. फाटकावर माझी माणसं बाजूला झाली, निरीक्षकही उठून उभा राहिला. माझ्याशी बोलण्याआधी ते सरळ मशीनपाशी गेले. दोन पिशव्या भरताना पाहिल्या.

"ताण ढिला आहे. शंभरात सहा फुटत असतील."

"सात."

खिशातून पाना काढला, दोन बोल्ट फिरवले, कानाजवळ हात नेऊन मशीनचा आवाज ऐकला, परत अर्धा फिरवला. मग टेबलापाशी बसले. उपास असल्याने मला त्यांना पाणीही विचारता आलं नाही, तेवढं चमत्कारिक वाटलं.

"एका पिशवीमागे तुझे किती दिनार जातात?"

सांगितलं. खरा आकडा.

"वीज धरलीस?"

"नाही."

"धर." पाना खिशात टाकत म्हणाले, "मी चोरी केली, बिंती. तुझं दार बंद होतंय हे मला दिसत होतं. मी स्वतःला सांगायचो, गावाला दूध पाजतोय, थोडं इकडचं तिकडे चालतं. पहिल्या वर्षी दोन पोती होती. मग दह्याचा नवा कारखाना काढला, तेव्हा पिशवीचा तोटा भरून कधीच निघाला होता. ते तुला जानेवारीत सांगितलं नाही."

"मीही पोती घेतली होती."

"पाच. ऐकलं." त्यांना हसू आलं असावं, दाढी हलली. "भाव वाढवून द्या म्हणून एकोणीस वर्षं अर्ज करतोय. कुणी वाचत नाही, कारण माझा हिशेब साफ नाही, तोंडातून आवाज निघत नाही. तू लिही. तुझे आकडे निरीक्षकासमोरचे आहेत."

दुपारी लिहायला बसलो. पिशवीवरचं नुकसान आकड्यांत. भुकटीचं गोदाम वेगळं, दह्याचं वेगळं, दोन्हींना सरकारी सील आणि मीटर. गाईचं दूध जिथे येतं तिथे भुकटीमुळे ते परत जाता कामा नये. त्यांनी सीलच्या वाक्याला हरकत घेतली. मी म्हटलं, ते वाक्य गेलं तर मीही जाते. मग म्हणाले, राहू दे, पण आधी तुझं नाव लिही, सील मागणारी तू आहेस.

२१ मार्च

अधिकाऱ्याला कळवलं की उद्यापासून पिशव्या निम्म्याच. सकाळची वेळ गाईच्या दुधाची. तो फोनवर ओरडला. मी ओरडले नाही, फोन कानापासून लांब धरला.

अम्मी रबाहांकडे स्वतः गेले. कॅन घ्यायला गाडी पाठवीन म्हटलं. त्यांनी एक गाय विकल्याचं त्यांच्या सुनेने सांगितलं.

रांग परत थोडी वाढली. वनीसाच्या पोरींसाठी पिशव्या बाजूला ठेवाव्या असं मनात आलं. ठेवल्या नाहीत. ठेवल्या असत्या तर तिने माझं तोंड पाहिलं नसतं.

३१ मार्च

ईद. वनीसा आली, पोरींना नवे फ्रॉक, स्वतः शिवलेले. मी स्वयंपाकघरात तिच्याकडे पाठ करून उभी राहिले, मुद्दाम. तिने ते ओळखलं आणि पाठीत गुद्दा घातला.

१० एप्रिल

राजधानीत सुनावणी. माझ्या आणि हाजच्या मध्ये एक खुर्ची रिकामी होती. कचेरीच्या प्रमुखांनी विचारलं, अर्जदार आणि प्रतिवादी एकत्र निवेदन कसं देतात? मादाम खेरबाश आपल्या बारीक आवाजात म्हणाली, "साहेब, अनुदान बंद करा असं दोघांपैकी कुणीच म्हणत नाही. कुंपण घाला म्हणतात. कुंपण आपण घातलं नव्हतं." सगळे पुढे वाकले होते.

निकाल काहीही लागू शकतो असं तिने बाहेर सांगितलं.

१६ एप्रिल

निकाल. हाजला मोठा दंड. कोटा परत, पण सीलबंद गोदाम, मीटर, दर महिन्याला तपासणी. दह्यासाठी भुकटी लागली तर बाजारभावाने घ्यायची. माझा दंड कायम, प्रोत्साहन रक्कम पुढच्या वर्षीपासून परत. पिशवीच्या दराबद्दल मंत्रालयाला शिफारस. वकीलबाई म्हणाल्या, शिफारस म्हणजे फार नाही, पण काहीच नाही असंही नाही.

पिशव्या उद्यापासून परत हाजकडे. मशीन न्यायला त्यांची माणसं आली तेव्हा तैयबने ते पुसून दिलं.

२७ एप्रिल

आज बेलकासमच्या दुकानात गेले, फळी बघायला. हाजच्या दह्याचा भाव वाढलाय. माझ्यापेक्षा चार दिनार कमी, एवढंच. सरळ, खरा भाव. इतकं हायसं झालं, वाटलं आता बसून रडावं. अकरा माणसं, सहा दिवस काम.

तेवढ्यात एक बाई आली, काखेत मूल. फळीपाशी थांबली. माझा कप उचलला, पाहिला, ठेवला. हाजचे चार घेतले.

मला राहवलं नाही. "ताई, चार दिनारांसाठी? ते गाईच्या दुधाचं आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं, मी कोण हे तिला माहीत नव्हतं. "चार दिनारांचं नाही हो. ते गाईचं जरा आंबट लागतं. पोरं अर्धं टाकतात. हे घट्ट असतं."

ती गेली. बेलकासम मान खाली घालून पाव रचत राहिला.

कुणाला सांगणार? कुणी काही चोरलं नव्हतं. सील शाबूत होतं, मीटर फिरत होता. मी एक कप विकत घेतला, हाजचा. बाहेर पायरीवर उभी राहून बोटानेच खाल्ला. एवढ्या वर्षांत त्याचं दही मी कधी चाखलं नव्हतं.

चांगलं होतं. घट्ट, आणि मागून किंचित गोड. तळाला थोडं ठेवलं आणि कप पुसून पिशवीत टाकला, तैयबला चाखवायला.